कार्यक्रम कळवताना (आणि जागा कळवताना) आपण काय काय विसरतो?

पडद्याआडून

आमच्या भागातल्या एका छोट्या मनोरंजन गाइडसाठी, म्हणजे कार्यक्रमांच्या सूचीसाठी, मी गेली काही वर्षं आलेल्या नोंदी तपासते. लोक फॉर्म भरून किंवा मेलने "आमचा कार्यक्रम आहे, टाका" असं कळवतात. ते वाचायचं, शंका विचारायच्या, मग प्रसिद्ध करायचं. पगार नाही, नुसती हौस. त्यामुळे कुरकुर करायचा हक्क जरा जास्त आहे असं समजून हा धागा काढतेय.

परवा एक मेल आला. दीड पानाचा. रसिकांना पर्वणी होती, स्वरांची बरसात होती, प्रमुख पाहुण्यांच्या नावाआधीची विशेषणं एका ओळीत मावत नव्हती. वेळ मात्र नव्हती. विचारलं तर उत्तर आलं, "पोस्टरवर आहे ना!" पोस्टर उघडलं, मोठं केलं, तेव्हा पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरांत सापडलं: सायंकाळी ठीक ६ वाजता, नेहमीच्या ठिकाणी.

या "नेहमीच्या ठिकाणी"वर माझा खास राग आहे. ज्याला नेहमीचं ठिकाण माहीत आहे तो गाइड उघडतच नाही, त्याला तुमच्या ग्रुपवर आधीच कळलेलं असतं. गाइड बघतो तो नवखा माणूस. नुकताच राहायला आलेला, पाहुणा म्हणून आलेला, किंवा एखाद्या संध्याकाळी अचानक मोकळा सापडलेला. त्याला तुमची संस्था, ते सभागृह, ते मागचं गेट, काही म्हणजे काही ठाऊक नसतं. नोंद त्याच्यासाठी लिहायची असते.

बाकी सुचेल तसं लिहिते.

वार आणि तारीख दोन्ही द्या. एकच दिलं तर चूक पकडायला जागाच राहत नाही. दोन्ही दिलं आणि जुळलं नाही, तर निदान मला फोन तरी करता येतो. "येत्या रविवारी" कृपा करून लिहू नका. तुम्ही बुधवारी लिहिता, मी शनिवारी उघडते, वाचक सोमवारी वाचतो. वाचकाचा रविवार आपल्या दोघांच्या रविवारापेक्षा वेगळा.

वेळा तीन असतात: दार उघडण्याची, सुरू होण्याची आणि संपण्याची. संपण्याची कोणीच देत नाही, आणि शेवटची बस गाठायची असलेला माणूस आधी तीच शोधतो. "मध्यंतर धरून साधारण अडीच तास" एवढंही पुरतं. रात्री १२ हे तर वेगळंच प्रकरण. "शनिवारी रात्री १२ वाजता" म्हणजे शुक्रवार संपतानाचे बारा की शनिवार संपतानाचे? सरळ ११:५९ लिहा, कोणी हसत नाही.

प्रदर्शन असेल तर नुसतं "१ ते १५" पुरत नाही. आठवड्याची सुट्टी कधी, रोज किती ते किती, आणि शेवटच्या दिवशी दुपारीच आवराआवर सुरू होणार का, तेही सांगा. लोक हमखास शेवटच्या दिवशी येतात.

"विनामूल्य" आणि "विनामूल्य, पण आधी नाव नोंदवा" यांत फरक आहे. "देणगी प्रवेशिका" म्हणजे तिकीटच, मग तसं म्हणा.

आता ज्यासाठी खरं तर हा धागा काढला ते. कार्यक्रम रद्द झाला तर कळवा हो! सुरुवातीला कळवायला सगळे येतात, रद्द झाल्याचं कळवायला शंभरातला एखादा. एकदा गायिकेचा घसा बसला आणि मैफल रद्द झाली. आयोजकांनी आपल्या ग्रुपवर कळवलं, दाराला कागद चिकटवला, झालं. आमची नोंद तशीच राहिली. ती बघून अकरा जण तिथवर गेले, आणि त्यातल्या चौघांनी आम्हाला मेल लिहिले. त्यांच्या लेखी खोटं आम्ही बोललो होतो.

रद्द झालं की काही जण "नोंद काढून टाका" म्हणतात, तेही नको. काल नोंद पाहिलेला माणूस आज ती सापडली नाही तर काय समजतो? आपलंच शोधताना चुकतंय असं. आणि निघतो. नोंद तिथेच राहू दे, वर ठळक "रद्द" लिहू दे.

तुमचे अनुभव लिहा. आयोजकांचे, प्रेक्षकांचे, गाइडवाल्यांचेही.

तिसरी घंटा

"नेहमीच्या ठिकाणी" वाचून फुटलो. आमच्या हौशी नाट्यमंडळाच्या पत्रकात हे मी स्वतः लिहिलंय. दोनदा. :)

संपण्याची वेळ का देत नाही याचं गुपित सांगू? ती आम्हालाच माहीत नसते. प्रयोग दीड तासाचा असतो हे पक्कं, पण आधी कोण किती बोलणार ते परमेश्वरालाही ठाऊक नसतं. एकदा स्वागतपर भाषणच चाळीस मिनिटं चाललं आणि पहिल्या प्रवेशातला आमचा नट मेकअपमध्ये झोपला.

पण रद्दचा मुद्दा शंभर टक्के मान्य. प्रयोग रद्द होतो त्या दिवशी मंडळात जी धावपळ असते तिच्यात गाइड आठवत नाही हे खरं. आता नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा या यादीत "ज्यांना ज्यांना कळवलं त्यांना परत कळवणे" असं एक काम घालून टाकतो. कोणाकडे द्यायचं ते ठरवू, बहुतेक झोपलेल्या नटाकडे.

उशिरा आलेला

बाडीस (बाय डीफॉल्ट सहमत). वाचनखूण साठवली.

सतरंजी

थोडा विरोधी सूर लावतो, रागावू नका पडद्याआडूनताई.

आम्ही चार मित्र मिळून महिन्या-दोन महिन्यांनी कवितावाचन करतो. पन्नास माणसं आली तर आनंदीआनंद. सतरंज्या आम्हीच टाकतो, आम्हीच उचलतो. त्यात एकेका गाइडचा फॉर्म पंचवीस-तीस रकान्यांचा. एकाला चौकोनी फोटो हवा, दुसऱ्याला आडवा. एक म्हणतो पन्नास शब्दांत लिहा, दुसरा म्हणतो किमान दोनशे. "कार्यक्रमाचा प्रकार" या यादीत कवितावाचन नसतंच. मग "साहित्य" निवडू की "इतर"? एकदा "इतर" निवडलं तर आमच्या शेजारी जुन्या गाड्यांचा मेळावा लागला होता.

आणि एवढं करून मोठ्या सभागृहाचे कार्यक्रम फोटोसकट वर, आमची ओळ खाली. मग माणूस म्हणतो, मरू दे, ग्रुपवर टाकलंय तेवढं पुरे. चूक आमची आहेच, पण फॉर्म बनवणाऱ्यांनीही कधी स्वतः भरून बघावा.

पडद्याआडून

सतरंजी, रागावत नाही, कारण बोच बरोबर जागी लागली. आमचाही फॉर्म अठ्ठावीस रकान्यांचा होता. एका मैत्रिणीला समोर बसवून भरायला लावला. ती नवव्या रकान्याशी उठून गेली. आता सक्तीचे सहाच ठेवलेत: नाव, वार-तारीख, वेळ, जागा, प्रवेश कसा, आणि शंका विचारायला कोणाला गाठायचं. उरलेले ऐच्छिक.

यातला जागेचा रकाना दिसायला एक आहे, पण त्यामागे अख्खी वेगळी नोंद आहे. जागा एकदाच नोंदवायची. पत्ता, नकाशावरची खूण, आसनं, वाहनतळ, जवळचा थांबा, सगळं तिथे. नंतर कार्यक्रम नोंदवताना यादीतून फक्त निवडायची. म्हणून ज्यांच्याकडे सभागृह आहे त्यांनी स्वतः येऊन आपली जागा नीट नोंदवली, तर तिथे कार्यक्रम करणाऱ्या पन्नास संस्थांचं काम वाचतं. पण सभागृहवाले म्हणतात, "आम्ही कुठे कार्यक्रम करतो? आम्ही जागा भाड्याने देतो." तिथे घोडं अडतं.

मग काय होतं, तर प्रत्येक आयोजक तीच जागा नव्याने लिहितो. एक "नाट्यगृह" लिहितो, दुसरा टंकताना "नाटयगृह", तिसरा नुसतं आद्याक्षरांवर भागवतो. संगणकाच्या मते या तीन इमारती. वर एकाच आवारात मुख्य सभागृह, छोटं सभागृह आणि खुला रंगमंच असला की बघायलाच नको. लोक छोट्या सभागृहातल्या व्याख्यानासाठी मोठ्यात जाऊन बसलेत आणि अर्धं नाटक बघून घरी आलेत. तक्रार नव्हती म्हणे, नाटक चांगलं होतं.

जागेचं नाव बदललं तर जुनं नाव पुसू नका, "पूर्वीचे नाव" म्हणून सोबत ठेवा. रिक्षावाल्याला नवं नाव पुढची दहा वर्षं कळत नाही.

"इतर"बद्दल माफी. तो माझ्याही डोळ्यांत खुपतो.

शून्यप्रहर

माझा प्रांत आला म्हणून लिहितो. जरा तांत्रिक आहे, कंटाळा आला तर पुढे जा.

सतरंजी म्हणतात तो त्रास, म्हणजे दहा ठिकाणी दहा फॉर्म, कमी करायचा मार्ग बराच जुना आहे. आयकॅलेंडर नावाचं फाइलचं प्रमाण १९९८ मध्ये आलं, २००९ मध्ये सुधारून आरएफसी ५५४५ (इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा एक दस्तऐवज) म्हणून प्रसिद्ध झालं. मोबाइलमधली बहुतेक कॅलेंडरं हीच भाषा समजतात. आपल्या संस्थेचं एक सार्वजनिक कॅलेंडर ठेवायचं आणि त्याचा दुवा गाइडला द्यायचा. ज्या गाइडला तो वाचता येतो, तिथे पुन्हा टंकायची गरज नाही. तारीख एका जागी बदलली की पुढच्या वेळी गाइड दुवा वाचेल तेव्हा तिथेही बदलते.

पण त्यात खड्डे आहेत आणि मी प्रत्येकात पडलोय.

पहिला: दिवसभराच्या कार्यक्रमात शेवटची तारीख धरली जात नाही. १० ते १२ असा तीन दिवसांचा महोत्सव असेल तर फाइलमध्ये शेवट म्हणून १३ लिहावी लागते. कॅलेंडरच्या अॅपमधून नोंद केली तर ते आपसूक होतं. मी हौसेने स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला आणि १२ तारीख दिली. समारोपाचा दिवस सूचीतून गायब. अध्यक्षांचं भाषण त्याच दिवशी होतं, त्यामुळे मला वाचवायला कोणी आलं नाही.

दुसरा: प्रत्येक कार्यक्रमाला कायमचा ओळखक्रमांक असतो, त्याला यूआयडी म्हणतात. वेळ बदलताना जुनी नोंद सुधारली तर क्रमांक तोच राहतो आणि समोरच्याकडे बदल पोचतो. जुनी पुसून नवी केली की नवा क्रमांक येतो, आणि काही ठिकाणी एकाच नाटकाचे दोन प्रयोग दिसू लागतात, एक खरा आणि एक भुताचा.

तिसरा खास आपल्या लिपीचा. या फाइलमध्ये एक ओळ ७५ बाइटपेक्षा लांब नसावी, लांब झाली तर मोडून पुढच्या ओळीवर न्यावी असा संकेत आहे. इंग्रजी अक्षर एक बाइट, देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) तीन बाइट. काना-मात्राही वेगळे मोजायचे. ओळीच्या सुरुवातीला "समरी" हा इंग्रजी शब्द आणि विसर्गासारखे दोन टिंब मिळून आठ बाइट जातात, उरतात ६७. तिनाने भाग जात नाही. आंधळेपणाने तोडणारा प्रोग्रॅम नेमका अक्षराच्या पोटातून तोडतो, आणि वाचणारा प्रोग्रॅमही तितकाच आंधळा असला तर "महोत्सव"च्या मधोमध प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन उगवतो. मराठी नावं छोटी ठेवा म्हणत नाही, पण पहिल्या प्रसिद्धीनंतर एकदा डोळ्यांनी बघा.

रद्दबद्दल ताईंचं म्हणणं प्रमाण ठरवणाऱ्यांनाही पटलेलं दिसतं. आयकॅलेंडरमध्ये रद्द ही वेगळी स्थिती आहे. शोधयंत्रांना कार्यक्रम कळावा म्हणून पानात जी खूण घालतात, स्कीमा डॉट ऑर्गची (२०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून सुरू केलेली), तिच्यात तर आणखी बारकावा आहे: रद्द, पुढे ढकलला पण नवी तारीख नाही, नव्या तारखेला होणार, आणि २०२० च्या टाळेबंदीत भर पडलेली "ऑनलाइन हलवला". आयोजक या चारही गोष्टींना "काही अपरिहार्य कारणास्तव" एवढंच म्हणतात.

तिसरी घंटा

"एक खरा आणि एक भुताचा". शून्यप्रहर, आमच्या एका प्रयोगाला खरंच असे सात प्रेक्षक भुताच्या वेळेला आले होते. आता कारण कळलं.

जुना अंक

तुम्ही सगळे तरुण मंडळी संगणकावर बोलताय, म्हणून म्हाताऱ्याची एक आठवण. मला छापील कार्यक्रम-सूच्या जमवायचा नाद आहे.

लंडनचं टाइम आउट १९६८ मध्ये टोनी एलियट नावाच्या विद्यार्थ्याने सुट्टीत सुरू केलं, घडी घातलेल्या एका कागदावर. पुढे त्याचं जाडजूड साप्ताहिक झालं, अनेक शहरांत आवृत्त्या निघाल्या, आणि २०२२ मध्ये लंडनचा छापील अंक बंद झाला. पॅरिसमध्ये त्याहून जुनी परंपरा. लॉफिसिएल दे स्पेक्ताक्ल १९४६ पासून, तर पारिस्कोप १९६५ ते २०१६. ही खिशात मावणारी साप्ताहिकं बुधवारी निघत, कारण तिकडे नवे चित्रपट बुधवारी लागतात. म्हणजे सूचीचा वार वाचकाच्या सवयीवर ठरलेला.

सांगायचा मुद्दा असा. छापील अंकात एकदा गेलं की गेलं. चुकलं तर आठवडाभर चूक मिरवायची. त्यामुळे कळवणारा माणूस तीनदा वाचून पाठवायचा. मी स्वतः एका मंडळासाठी हे काम पाहिलंय. मजकूर हातात घेऊन छापखान्याच्या दारात उभं राहून पुन्हा वाचत असे. आता "नंतर बदलता येतं" म्हणून आधी नीट लिहीत नाहीत, आणि नंतर बदलतही नाहीत.

मुदतीचंही तेच. मासिकाला मजकूर अंकाच्या तारखेच्या कितीतरी आधी लागतो, वेबवरच्या सूचीला आदल्या दिवशीही चालतो. दोन्हीकडे पाठवायचं असेल तर आधी कागद, मग पडदा. उलट केलं की कागद हुकतो. आणि कागदासाठी मूळ मोठं छायाचित्र द्या, निरोपांतून फिरून फिरून आकसलेलं नको. ते मोबाइलवर ठीक दिसतं, छापल्यावर भूत दिसतं. (हे दुसरं भूत.)

पडद्याआडून

काका, "नंतर बदलतही नाहीत" हे वाक्य आमच्या फॉर्मच्या डोक्यावर लावू का?

जुना अंक

लावा की. नाव नको.

चाकोरी

मी व्हीलचेअर वापरते, म्हणून मला कार्यक्रमाच्या नोंदीपेक्षा जागेची नोंद जास्त महत्त्वाची. कार्यक्रम आवडेल की नाही हा नंतरचा प्रश्न. आधी आत जाता येईल का?

"व्हीलचेअरची सोय आहे" या तीन शब्दांचा मला शून्य उपयोग होतो. कोपऱ्यात घडी घातलेली एक खुर्ची पडलेली असते, तिलाही सोय म्हणतात. फोन करून विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, "या ना, पोरं आहेत, उचलून घेऊ." भावना चांगली आहे हो, पण मला पोत्यासारखं उचलून घ्यायचं नसतं.

त्यापेक्षा मोजून लिहा. रस्त्यापासून आसनापर्यंत पायऱ्या किती. उतार असेल तर किती लांब आणि किती उंच. अमेरिकेच्या एडीए (अपंगांच्या हक्कांचा कायदा) मानकात उताराचं प्रमाण जास्तीत जास्त १:१२ धरलंय. म्हणजे एक १५ सेंटिमीटरची पायरी चढायला किमान १८० सेंटिमीटर लांबीचा उतार. कित्येक ठिकाणी त्या एका पायरीवर हातभर फळी टाकलेली असते, ती घसरगुंडी. दार उघडल्यावर मोकळी रुंदी त्याच मानकात ३२ इंच, म्हणजे ८१ सेंटिमीटरच्या आसपास. टेपने मोजायला एक मिनिट लागतं. आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का. हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस गप्प होतो, म्हणजे उत्तर कळतं.

फोटो द्यायचा असेल तर रंगमंचाचा नको, तो सगळीकडे सारखाच दिसतो. प्रवेशद्वाराचा द्या. त्या एका फोटोवरून मी निम्मे प्रश्न स्वतः सोडवते.

नकाशावरची खूणही अशीच. आवार मोठं असेल तर खूण इमारतीच्या पोटात न लावता जिथून आत शिरायचं त्या गेटवर लावा. अक्षांश-रेखांश लिहिताना दशांशानंतर पाच अंक दिले तर साधारण मीटरभराच्या अचूकतेने जागा सापडते. तीनच दिले तर शंभर मीटर इकडेतिकडे. चालणाऱ्याला ते शंभर मीटर काही वाटत नाहीत. मला भिंतीला वळसा घालून मागच्या रस्त्याने यावं लागतं.

एक राहिलं. उत्तर "नाही" असेल तर "नाही" लिहा. मला राग येत नाही. रिकामा सोडलेला रकाना मात्र मला दारापर्यंत नेतो आणि तिथून परत पाठवतो.

सतरंजी

चाकोरीताई, वाचून गप्प झालो. आमच्या हॉलला दोन पायऱ्या आहेत हे मला आत्ता, लिहिताना आठवलं. इतक्या वेळा सतरंज्या वाहिल्यात त्यावरून, आणि कोणी विचारलं असतं तर बेधडक "पायऱ्या नाहीत" म्हणालो असतो.

ओसरी

वेगळा प्रश्न. आम्ही घरी मैफल करतो. दिवाणखान्यात तीस माणसं बसतात. नवे लोक यावेत असं वाटतं, पण घराचा पत्ता जगजाहीर करायला आईचा विरोध आहे, आणि तिचं बरोबर आहे. अशी नोंद गाइड घेतात का?

पडद्याआडून

आम्ही घेतो. सूचीत फक्त परिसराचं नाव आणि "पत्ता नाव नोंदवल्यावर कळवला जाईल". खूण घरावर न लावता जवळच्या चौकावर. दोन सावधगिरीच्या गोष्टी. घर हे जागांच्या यादीत कायमचं नोंदवू नका, नाहीतर मैफली थांबल्यावरही ते तिथे दिसत राहतं आणि पाच वर्षांनी कोणीतरी तंबोरा घेऊन दारात उभं राहतं. दुसरं, "शंका विचारायला संपर्क" यात आईचा नंबर देऊ नका. गाइडला द्यायचा संपर्क आणि छापायचा संपर्क हे दोन वेगळे रकाने असतात. नसले तर गाइडला विचारा की हा नंबर प्रसिद्ध होणार का. न विचारता भरलेले घरचे नंबर वर्षानुवर्षं शोधयंत्रांत फिरत राहतात.

गाणाऱ्यांचीही परवानगी घ्या. काही कलाकारांना घरगुती मैफल जाहीर झालेली चालत नाही.

ओसरी

तंबोरा घेऊन दारात! आईला वाचून दाखवलं. धन्यवाद ताई, चौकाची कल्पना पटली तिला.

उशिरा आलेला

एक शंका. काही गाइड पैसे मागतात वर दाखवायला. द्यावेत का?

पडद्याआडून

देणं न देणं तुमचा प्रश्न. मी एवढंच बघेन की पैसे घेऊन वर आलेल्या नोंदीवर "जाहिरात" असं लिहिलेलं आहे का, आणि न देणाऱ्याची साधी नोंद फुकट जाते का. दोन्हींना हो असेल तर व्यवहार स्वच्छ. साध्या नोंदीलाच पैसे मागत असतील तर ती सूची अर्धीच राहणार, आणि अर्ध्या सूचीकडे वाचक फिरकत नाही. मग वर दिसून उपयोग काय.

तिसरी घंटा

अवांतर: "भव्य दिव्य" काढायला सांगता का हो तुम्ही लोक? आमच्या अध्यक्षांना त्याशिवाय चैन पडत नाही.

पडद्याआडून

सांगत नाही, काढून टाकते. :) "भव्य", "सुवर्णसंधी", "अवश्य लाभ घ्यावा" आणि उद्गारचिन्हं एका दमात जातात. एकदा एका नोंदीतून विशेषणं काढली तर उरलं फक्त "कार्यक्रम". त्यापेक्षा कोण काय सादर करणार, कोणत्या भाषेत, लहान मुलांना चालेल का, हे लिहा. "दोन पात्रांचं नाटक, एक भावंडांची जोडी घर विकायला निघते" हे वाचून माणूस येतो. "हृदयस्पर्शी" वाचून येत नाही, कारण त्या पानावरचं प्रत्येक नाटक हृदयस्पर्शी असतं.

सतरंजी

चला, एवढं वाचलं तर निदान एक नोंद नीट करून बघतो. गेल्या वर्षीची काढून त्यातच सुधारणा केल्यात. ताई, काही राहिलं का बघा:

"कवितावाचन. सहा कवी, प्रत्येकी दहा मिनिटं, सगळ्या कविता मराठी. शेवटी श्रोत्यांपैकी कोणालाही एक कविता वाचता येईल. शुक्रवार, १४ मार्च. दार ५:३० ला उघडेल, वाचन ६ ला सुरू, ७:३० पर्यंत संपेल. जागा: तळमजल्यावरचं छोटं सभागृह, प्रवेश मागच्या गेटने. रस्त्यापासून दोन पायऱ्या, उतार नाही, दार ८४ सेंटिमीटर (आज जाऊन मोजलं), स्वच्छतागृह त्याच मजल्यावर. बसायला सतरंज्या, मागे वीस खुर्च्या. विनामूल्य, नाव नोंदवायची गरज नाही."

चाकोरी

दार मोजलंत! दोन पायऱ्यांचं काहीतरी करता येईल का ते हॉलवाल्यांना विचारा, पण नोंद अशीच हवी. मला काय ते घरबसल्या कळलं.

तिसरी घंटा

विशेषण एकही नाही. आमच्या अध्यक्षांना दाखवू नका.

शून्यप्रहर

सतरंजीभाऊ, यंदा १४ मार्च शनिवारी येतो. शुक्रवार गेल्या वर्षी होता. ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस, त्यामुळे जुनी नोंद उचलली की वार एकाने घसरतो.

पडद्याआडून

बघा, वार आणि तारीख दोन्ही असल्याचा फायदा. आता कोणतं बरोबर? हॉल शुक्रवारचा घेतलाय की १४ तारखेचा?

सतरंजी

हॉलवाल्यांना "गेल्या वर्षीसारखंच" असं सांगितलं होतं.

थांबा, फोन करतो.